तळणीतली दोन मिनिटं

बडनेऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की चांदूर रेल्वे येतं, मग धामणगाव, आणि वर्धा नदीच्या पुलाआधी एक लहानसं स्टेशन लागतं: तळणी. जलद गाड्या इथे थांबत नाहीत. खिडकीशी बसून पाटी वाचायची ठरवली तरी ती डोळ्यांपुढून निसटते. नदी ओलांडली की पुलगाव, म्हणजे वर्धा जिल्हा. तळणी अलीकडे, अमरावती जिल्ह्यात, वऱ्हाडाच्या पूर्वेच्या काठावर.

२२ जानेवारी १८९८. शनिवार, पौष अमावस्या. त्या दिवशी भर दुपारी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर चढली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि तशीच ईशान्येला बक्सरच्या दिशेने निघून गेली. वाटेत तिने तळणीचा सूर्य सुमारे दोन मिनिटं पूर्ण झाकला. कापूस मुंबईला नेण्यासाठी टाकलेला लोहमार्ग या सावलीच्या वाटेला इथेच छेदत होता, त्यामुळे काचा, भिंगं आणि कॅमेऱ्यांच्या पेट्या घेऊन आलेल्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तुकडीने तळणीत मुक्काम ठोकला होता. तिच्यात ग्रिनिच वेधशाळेतले एडवर्ड वॉल्टर माँडर होते, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या आणि जॉन एव्हरशेड नावाचा एक हौशी सूर्यनिरीक्षक होता. तिघांचीही नावं पुढे सूर्याच्या अभ्यासात कायमची राहिली. विजयदुर्गाची ग्रहणकथा आज पर्यटकांना हौसेने सांगितली जाते. तळणीची गोष्ट मात्र मी अमरावतीत किंवा अकोल्यात कधी कुणाच्या तोंडून ऐकली नाही, आणि त्याची मला रुखरुख वाटते.

विजयदुर्गाबद्दल आधी एक खुलासा केला पाहिजे. नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला असं सर्रास सांगितलं जातं, छापलंही जातं. त्या वर्षी लॉकियर भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. १८६८ च्या ग्रहणाचा महत्त्वाचा वेध फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून घेतला. लॉकियर यांना सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात, ग्रहण नसताना दिसली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, तळणीवरून गेलेल्या याच १८९८ च्या ग्रहणाला. याच दिवशी जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या उपकरणांसह उभे होते, आणि कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. एका दुपारी एकाच सावलीखाली कोकण, सोलापूर आणि वऱ्हाड असे तिघेही जगातल्या खगोलशास्त्राचे अंगण झाले होते. एवढी खरी गोष्ट हाताशी असताना खोटीची गरज नाही.

आता प्रश्न असा की दोन मिनिटांच्या अंधारासाठी माणसं समुद्र ओलांडून का येतात?

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे, आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून आकाशात दोघे जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात आणि चंद्राची तबकडी सूर्याच्या तबकडीवर नेमकी बसू शकते. या जुळण्यामागे काही नियम नाही. चंद्र दर वर्षी सुमारे पावणेचार सेंटिमीटर लांब सरकतो आहे, म्हणजे फार फार पुढच्या काळात पृथ्वीवरून खग्रास ग्रहण दिसणारच नाही. आज दिसतं. तबकडी झाकली गेली की सूर्याभोवतीचं मोतिया रंगाचं प्रभामंडल उमटतं. एरवीही ते तिथेच असतं. पण त्याचा उजेड सूर्याच्या तबकडीच्या सुमारे दशलक्षांश, आणि आपलं दिवसाचं निळं आकाश त्याहून कितीतरी उजळ. आकाश निळं दिसतं ते हवेतल्या कणांनी सूर्यप्रकाश चहूकडे विखुरल्यामुळे, आणि त्या विखुरलेल्या उजेडात प्रभामंडल बुडून जातं. मंगल कार्यालयाच्या झगमगाटात समईची ज्योत नजरेला येत नाही, तशातला हा प्रकार.

ॲनी माँडर यांचं काम होतं त्या ज्योतीचा फोटो घेणं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या आणि ग्रिनिच वेधशाळेत गणनेच्या कामावर लागल्या. १८९५ मध्ये लग्न झाल्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. अभ्यास त्यांनी सोडला नाही. गर्टनकडून मिळालेल्या पैशातून त्यांनी एक लहान कॅमेरा तयार करून घेतला होता. त्याचं भिंग दीड इंच व्यासाचं, नाभीय अंतर नऊ इंच. तळणीत या इवल्याशा भिंगाने प्रभामंडलाचा एक लांबलचक झोत टिपला. सूर्याच्या कडेपासून तो साठ लाख मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला होता. तोपर्यंत फोटोत पकडलेला प्रभामंडलाचा तो सर्वांत लांब झोत.

मोठमोठ्या दुर्बिणी असताना दीड इंचाच्या भिंगाला हे कसं जमलं? इथे दुर्बिणीचं खरं काम समजून घ्यावं लागतं. दुर्बीण म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारं यंत्र, ही आपली पहिली समजूत. ती अर्धीच खरी आहे. दुर्बीण आधी प्रकाश गोळा करते. पावसाळ्यात अंगणात वाटी ठेवली तर थोडं पाणी साठतं, घमेलं ठेवलं तर जास्त. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते, ही झाली वाटी. सहा इंचाची, म्हणजे दीडशे मिलिमीटरची दुर्बीण हे घमेलं, कारण तिचं तोंड डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट पसरट. ताऱ्यासारख्या बिंदूचा अंधुक प्रकाश पकडायचा तर घमेलं जितकं मोठं तितकं चांगलं. प्रभामंडल किंवा तेजोमेघ पसरट असतो, तिथे हिशेब निराळा. गोळा केलेला प्रकाश तुम्ही फोटोच्या काचेवर किती जागेत पसरता यावर फोटोचा उजळपणा ठरतो. लांब नळीची मोठी दुर्बीण प्रतिमा मोठी करते आणि त्यासोबत उजेड पातळ करते. ॲनी यांच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर व्यासाच्या फक्त सहा पट होतं, त्यामुळे त्यांनी प्रभामंडल लहान पण घट्ट उमटवलं. ताक सगळ्यांना पुरवायचं तर पाणी घालावं लागतं. त्यांनी ते घातलं नाही.

दुकानात खोक्यावर पाचशे पट मोठं दिसेल असं छापलेली दुर्बीण पोराच्या हट्टाखातर घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मला हे सांगावंसं वाटतं. दुर्बिणीचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पटींचा उपयोग सहसा होत नाही. साठ मिलिमीटरच्या भिंगाला एकशेवीस पट ही कमाल. त्यापुढे सगळं मोठं होतं आणि धूसर होतं. पहिली खरेदी म्हणून चांगल्या काचांची द्विनेत्री घ्यावी. हुरड्याच्या दिवसांत वऱ्हाडातलं आकाश कोरडं आणि निवळ असतं. रात्री जागलीला शेतात गेलं की गावचे दिवे मागे राहतात, आणि पाठीवर पडून द्विनेत्री कृत्तिकेकडे वळवली तर डोळ्यांना सहा दिसणाऱ्या चांदण्यांच्या जागी डझनावारी दिसतात. चिखलदऱ्याला गेलात तर अंधार आणखी गडद. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंची, भोवती मेळघाटचं जंगल, त्यामुळे धूळही कमी आणि दिवेही कमी.

काचेच्या भिंगाला दोन दुखणी असतात. ते वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळ्या जागी एकत्र आणतं, म्हणून उजळ वस्तूच्या कडेला जांभळी झालर दिसते. आणि फार मोठं केलं तर ते स्वतःच्याच वजनाने वाकतं, कारण त्याला फक्त कडेनेच धरता येतं. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाच्या जागी आरसा बसवला. आरशाला पाठीकडून आधार देता येतो आणि तो सगळे रंग एकाच जागी परतवतो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून जी वेधशाळा उभी राहिली, तिथे नायगमवाला यांच्याकडे डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली वीस इंच आरशाची दुर्बीण होती. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. त्या वेळी कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक कोण होते? तळणीत उभे राहिलेले तेच जॉन एव्हरशेड.

एव्हरशेड यांचं तळणीतलं काम ॲनी यांच्यापेक्षा वेगळं होतं. त्यांना सूर्याचं चित्र नको होतं, त्याचा प्रकाश उकलायचा होता. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला की सात रंगांचा पट्टा पडतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो पट्टा पुरेसा लांब ताणला तर त्यात शेकडो काळ्या रेघा दिसतात. फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्या मोजल्या. १८५९ मध्ये किरखोफ आणि बुन्सेन यांनी त्यांचा अर्थ लावला: प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगांचाच प्रकाश गिळतं किंवा सोडतं. मिठाचा कण गॅसच्या निळ्या ज्योतीत पडला की ज्योत पिवळी होते, ती त्यातल्या सोडियममुळे. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच पिवळ्या जागी काळी रेघ आहे, म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. लॉकियर यांना दिसलेली पिवळी रेघ सोडियमच्या शेजारी होती पण सोडियमची नव्हती. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याही पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. १८९५ मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडलं. आधी सूर्यात ओळखलं आणि मग घरात सापडलं असं हे मूलद्रव्य. या गोष्टीचं नवल मला पंधराव्या वर्षी वाटलं होतं, आजही तितकंच वाटतं.

खग्रास लागताना आणि सुटताना काही क्षण सूर्याची फक्त पातळ, तांबूस कड उरते आणि काळ्या रेघा एकदम उजळ होऊन चमकतात. एव्हरशेड यांनी तळणीत हाच वर्णपट काचेवर घेतला. हायड्रोजनच्या रेघा जांभळ्या टोकाकडे शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकमेकींजवळ येत जातात आणि एका ठिकाणी संपतात. त्या टोकाच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात, एव्हरशेड यांच्या काचेवर प्रकाशाचा सलग पट्टा आढळला. त्याचा अर्थ पुढे अणूची रचना कळली तेव्हा लागला: मोकळा हिंडणारा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाने पकडला की जी ऊर्जा सुटते, तिला ठरावीक पायऱ्यांचं बंधन नसतं, म्हणून तो प्रकाश सलग असतो. बोर यांचं अणूचं चित्र आलं १९१३ मध्ये. त्याचा एक पुरावा पंधरा वर्षं आधी वऱ्हाडातल्या एका गावात काचेवर उमटून बसला होता.

खगोलशास्त्राचं सगळं बळ या उकलण्यात आहे. वैद्य नाडी हातात धरतो, माती तपासणारा मातीचा नमुना घेतो. ताऱ्याचा नमुना आणता येत नाही, त्याच्याकडून फक्त प्रकाश येतो. पण त्या प्रकाशात द्रव्य, तापमान, वेग, चुंबकत्व सगळं लिहिलेलं असतं. त्यातला डोळ्यांना दिसतो तो भाग तर अगदीच चिंचोळा. रेडिओलहरी, अवरक्त, अतिनील, क्ष-किरण ही सगळी त्याच प्रकाशाची भावंडं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस जाळीदार डिश पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. तिला भिंग नाही, नळी नाही, आणि ती भर दिवसा, ढगाळ हवेतही आकाश ऐकते.

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. या आकड्याने काहीच डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मी नेहमी अकोला ते बडनेरा या लोहमार्गावर सूर्यमाला मांडून बघतो. अंतर साधारण एकोणऐंशी किलोमीटर. अकोला स्टेशनात सूर्य ठेवू आणि बडनेऱ्यात शेवटचा ग्रह नेपच्यून. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे पाच कोटी सत्तर लाख किलोमीटर होतात.

सूर्य चोवीस मीटर व्यासाचा, सात-आठ मजली इमारतीएवढा गोळा. स्टेशनापासून एक किलोमीटरवर बुध, एक किलोमीटर नऊशे मीटरवर शुक्र. पृथ्वी येते दोन किलोमीटर सहाशे मीटरवर, आणि तिचा आकार बावीस सेंटिमीटर, म्हणजे पोरं खेळतात तो फुटबॉल. तिच्यापासून पावणेसात मीटरवर चंद्र, एखाद्या लहानशा संत्र्याएवढा. माणूस आजवर जिथवर स्वतः जाऊन आला, ते अंतर एका मोठ्या खोलीत मावतं. मंगळ चार किलोमीटरवर. इथे अकोला शहर जेमतेम संपलेलं असतं आणि आतले चारही खडकाळ ग्रह संपलेले असतात.

मग मोकळं रान. गुरू येतो पावणेचौदा किलोमीटरवर, बोरगाव मंजूच्या अलीकडे. अडीच मीटरचा गोळा, पुरुषभर उंचीहूनही मोठा. शनी पंचवीस किलोमीटरवर, बोरगाव मागे टाकून मूर्तिजापूरच्या वाटेवर. त्याची कडी धरून रुंदी पावणेपाच मीटर. मूर्तिजापूर येतं आणि जातं, तिथे एकही ग्रह नाही. त्याच्या पुढे बारा-एक किलोमीटरवर युरेनस, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर नेपच्यून, दोघेही मीटरभराच्या आतले. एकोणऐंशी किलोमीटरच्या रुळांवर आठ चेंडू, आणि मध्ये सगळी पोकळी. पुस्तकातल्या चित्रांत ग्रह एकमेकांना खेटून ओळीत बसवलेले असतात, त्यामुळे ही पोकळी आपल्या मनात कधी शिरतच नाही. प्लूटोची कक्षा फार लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो कधी बडनेऱ्याशी असतो, तर सर्वांत लांब असताना धामणगाव-तळणीच्या परिसरात. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान नागपूर आणि गोंदियाही ओलांडून महाराष्ट्राबाहेर गेलं आहे.

या मांडणीत प्रकाशाचा वेग किती पडतो? ताशी एकोणीस किलोमीटर. म्हणजे प्रकाश चालला आहे सायकलवर! अकोल्याहून निघालेला हा सायकलस्वार फुटबॉलएवढ्या पृथ्वीपाशी आठ मिनिटं वीस सेकंदांनी पोचतो, गुरूपाशी पाऊण तासाच्या थोडं अलीकडे, आणि बडनेऱ्याला चार तासांहून थोड्या अधिक वेळाने. सूर्य आत्ता विझला तर आपल्याला आठ मिनिटं कळणार नाही, कारण शेवटचा सायकलस्वार अजून वाटेत आहे. आणि याच प्रमाणात सूर्याला सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? सात लाख किलोमीटरवर. खरा चंद्र खऱ्या पृथ्वीपासून जितका लांब आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुढचं स्टेशन पृथ्वीवर मावतच नाही.

प्रकाशाला वेळ लागतो हे पहिल्यांदा कळलं तेही गुरूमुळेच. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये आपली छोटी दुर्बीण गुरूकडे वळवली आणि त्याभोवती चार चंद्र रोज जागा बदलताना पाहिले. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तो मोठा धक्का होता. पुढे रोमर यांच्या लक्षात आलं की यातल्या आयो या चंद्राची ग्रहणं पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना उशिरा लागतात आणि जवळ येत असताना लवकर. त्यांनी १६७६ मध्ये कारण सांगितलं: प्रकाशाला जादा अंतर कापावं लागतं. आपल्या रुळांवर बघा. पृथ्वी सूर्याच्या अलीकडच्या बाजूला असते किंवा पलीकडच्या, फरक सव्वापाच किलोमीटरचा, आणि सायकलस्वाराला तेवढ्याला साडेसोळा मिनिटं लागतात. गुरूचे हे चार चंद्र साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात, फक्त हात स्थिर हवा. भिंतीला, झाडाला किंवा बैलगाडीच्या चाकाला कोपर टेकवून बघावं. चार रात्री सलग वहीत ठिपके काढले की गॅलिलिओने जे पाहिलं ते आपल्याही कागदावर येतं. तारे लुकलुकतात आणि ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, एवढ्या खुणेवर गुरू शोधता येतो. तारा इतका दूर की तो बिंदूच राहतो, आणि हवेच्या हलत्या थरांतून त्याचा बारीक किरण थरथरतो. ग्रहाला लहानशी का होईना तबकडी असते, तिच्यावरच्या अनेक बिंदूंची थरथर एकमेकींना भरून काढते.

सूर्यमालेतली पोकळी अगदीच निर्मनुष्य रस्त्यासारखी आहे असंही नाही. प्रकाशाखेरीज क्वचित एखादा दगडही येऊन पोचतो. जुन्या वऱ्हाडातलं, आताच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार त्याची साक्ष आहे. जवळजवळ एक किलोमीटर आठशे मीटर रुंदीचा तो वाटोळा खड्डा ज्वालामुखीचा की आदळण्याचा, यावर दीर्घ काळ वाद होता. १९७३ च्या अभ्यासात तिथल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच आणि दबलेली खनिजं दाखवली गेली आणि वाद मिटला. बेसॉल्टच्या खडकात झालेलं एवढं चांगलं राखलेलं आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ. चंद्रावरचे काळसर डागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ मेहकरच्या रस्त्याने लोणारला येतात.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या तोंडी सूर्यमाला रोज असते, फक्त त्या नावाने नसते. मृग लागला म्हणजे काय झालं? पृथ्वी आपल्या कक्षेत फिरत अशा जागी आली की तिथून बघता सूर्य मृगाच्या दिशेला दिसू लागला. म्हणूनच पेरणीच्या दिवसांत मृगाचे तारे दिसत नाहीत, ते सूर्यासोबत दिवसा आकाशात असतात. दिसतात ते हिवाळ्यात, पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर. तसंच उन्हाचं. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत येतो आणि मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या सुमाराला अकोला-अमरावतीच्या बरोबर डोक्यावर येतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना उन्हात उभं राहायला सांगणं जिवावर येतं, पण त्या दिवशी सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान अंगणात उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता हे होत नाही, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि सूर्य तिथून इथे यायला वीस-एक मिनिटं घेतो. दुसऱ्यांदा ही वेळ जुलैच्या विशीच्या सुमाराला येते, तेव्हा बहुधा ढग असतात.

ग्रहण असो वा नसो, सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे मात्र पोरांना दटावून सांगितलं पाहिजे. घमेलंभर गोळा केलेला प्रकाश बुबुळावर पडला तर दृष्टी क्षणात जाते, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नसल्यामुळे ती गेल्यानंतरच कळतं. खंडग्रास बघायला घरातली पुरणाची चाळण पुरते. ती उन्हात धरून जमिनीवर पडलेले कवडसे बघावेत. प्रत्येक भोकाचा कवडसा कोरीच्या आकाराचा झालेला असतो. कडुनिंबाखालीही तेच, पानांच्या फटी चाळणीचं काम करतात.

तळणीच्या काचेवर उमटलेल्या त्या झोताकडे आता परत जाऊ. प्रभामंडल सूर्याच्या पृष्ठभागापासून इतकं लांब का जातं, आणि पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा असताना ते दहा लाख अंशांवर कसं, हा प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी दाखवलं की इतकं तापलेलं प्रभामंडल जागेवर थांबूच शकत नाही, ते वाऱ्यासारखं सगळ्या सूर्यमालेत वाहत सुटलं पाहिजे. त्यांच्याच नावाचं यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून फक्त एकसष्ट लाख किलोमीटरवरून गेलं. ॲनी माँडर यांच्या फोटोतला झोत सूर्यापासून जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला आहे. म्हणजे तळणीत दीड इंचाच्या भिंगाने जो भाग टिपला, त्याच्या आतून आज यान गेलं. आपल्या रुळांवर बघायचं तर अकोला स्टेशनातल्या त्या मोठ्या गोळ्यापासून एकशेसात मीटरवरून.

आणि कोडाईकनालची वेधशाळा, जिथे पुण्याची दुर्बीण गेली आणि जिथे एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये सूर्याच्या डागांतून बाहेरच्या बाजूला वाहणारा वायूचा प्रवाह शोधला, ती आज भारतीय तारा भौतिकी संस्थेचा भाग आहे. आदित्य-एल१ या यानावरचं प्रभामंडल पाहणारं मुख्य उपकरण याच संस्थेने तयार केलं. २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. आपल्या रुळांवर, फुटबॉलपासून सव्वीस मीटरवर. त्या उपकरणाच्या आत एक छोटी तबकडी सूर्याला सतत झाकून धरते. तळणीत चंद्राने दोन मिनिटं जे केलं, ते तिथे वर्षानुवर्षं चालू राहतं.

माँडर दांपत्य ग्रिनिचचं. तिथून दक्षिणेचं बरंचसं आकाश क्षितिजाखालीच राहतं. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा अगस्त्य लंडनवरून कधीही दिसत नाही. तळणीवरून तो दिसतो. जानेवारीच्या बावीस तारखेला रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून हात लांब करावा आणि क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. अगस्त्य दुसऱ्या मुठीच्या मध्यावर, सोळा अंशांच्या उंचीवर असतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे तीनशे दहा वर्षं लागतात. ग्रहणाच्या त्या रात्री तळणीच्या शेतांवर पडलेला त्याचा उजेड सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथून निघालेला होता. तेव्हा गॅलिलिओच्या हातात अजून दुर्बीण आलेली नव्हती.